समाधान कशात असते? : ऑनलाइन इंग्रजीचा अभ्यास आणि विद्यार्थी

प्रस्तावना

इंग्रजी शिकण्याची इच्छा आपल्या देशात नवी नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधाराने मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी घरबसल्या इंग्रजीची ओळख करून घेतली. पुढे नभोवाणीवरून धडे ऐकू येऊ लागले, टपालाने पाठ घरी येऊ लागले आणि आता हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर वर्ग भरू लागला. साधने बदलत गेली. पण प्रत्येक वेळी शिकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न कायम राहिला : ‘यातून मला खरोखर काही येईल का?’ ऑनलाइन पद्धतीने इंग्रजी शिकणारे काही विद्यार्थी समाधानी असतात, तर काही अर्ध्यातून अभ्यास सोडतात. असे का होते, याचा विचार या पाठात केला आहे. तुम्ही स्वतः मुक्त शिक्षणाच्या मार्गाने शिकत आहात. त्यामुळे हा विषय तुम्हांला जवळचा वाटेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• ‘समाधान’ या शब्दाच्या विविध अर्थच्छटा सांगता येतील;
• ऑनलाइन भाषाशिक्षणात समाधान आणि असमाधान कशामुळे निर्माण होते, ते स्पष्ट करता येईल;
• समाधान वाटणे आणि प्रत्यक्ष शिकणे यांतील फरक ओळखता येईल;
• जाहिरातीतील आकड्यांची पारख करता येईल;
• स्वतःच्या अभ्यासाचे मूल्यमापन करता येईल.

मूळ पाठ

१. एक उदाहरण

सुरत शहरात राहणाऱ्या एका मराठी स्त्रीची कल्पना करू या. नववीनंतर तिचे शिक्षण थांबले. आता ती घरी शिवणकाम करते. मुलीच्या शाळेतून येणाऱ्या इंग्रजी सूचना तिला स्वतः वाचायच्या आहेत. दुकानदाराशी दूरध्वनीवर चार वाक्ये बोलायची आहेत. म्हणून तिने मोबाइलवरील एका वर्गात नाव घातले. घरात मोबाइल एकच. तो रात्री नऊनंतर तिच्या हाती येतो. पहिल्या आठवड्यात तिला मोठा उत्साह होता. दुसऱ्या आठवड्यात तिने लिहिलेल्या उत्तरांपुढे लाल फुल्या दिसू लागल्या. चूक काय झाली, हे मात्र कळेना. तिसऱ्या आठवड्यात तिने वर्ग उघडणे बंद केले. ‘इंग्रजी आपल्या नशिबातच नाही,’ असे म्हणून ती पुन्हा यंत्रापाशी बसली.

उदाहरण काल्पनिक असले, तरी असा अनुभव अनेकांना येतो. वर्ग सोडताना विद्यार्थी पद्धतीला क्वचितच दोष देतो. बहुधा तो स्वतःलाच दोषी ठरवतो. हे नुकसान शुल्काच्या रकमेहून मोठे आहे. पैसे पुन्हा मिळवता येतात. ‘मला शिकता येते’ हा विश्वास एकदा गेला, की तो परत मिळवायला वर्षे लागतात. म्हणून विद्यार्थ्याचे असमाधान नेमके कोठून येते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. इंग्रजी : परकी की आपली?

राजभाषा अधिनियम, १९६३ अन्वये इंग्रजीचा वापर संघाच्या कामकाजात हिंदीबरोबर चालू राहिला. न्यायालये, उच्च शिक्षण, बँका यांत ती सर्वत्र दिसते. भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये जगातील इंग्रजीच्या वापराची तीन वर्तुळे कल्पिली. ज्यांची ती मातृभाषा आहे, ते देश आतल्या वर्तुळात येतात. भारतासारखे देश, जेथे ती मातृभाषा नसूनही सार्वजनिक व्यवहारात रुजली आहे, ते बाह्य वर्तुळात. आणि जेथे ती केवळ परकी भाषा म्हणून शिकली जाते, ते देश विस्तारत्या वर्तुळात.

ही विभागणी देशांची आहे, घरांची नव्हे. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, ज्या गल्लीत कोणी इंग्रजी बोलत नाही, तेथील विद्यार्थ्याला ती परकीच असते. वर्गाबाहेर तिचा सराव होत नाही. जो काही संवाद घडायचा, तो त्या वर्गातच. साहजिकच अशा विद्यार्थ्याची वर्गाकडून अपेक्षा मोठी असते, आणि अपेक्षाभंगाचे दुःखही तेवढेच मोठे.

पाठगत प्रश्न १
(अ) काचरू यांनी भारताचा समावेश कोणत्या वर्तुळात केला?
(आ) वर्ग सोडणारा विद्यार्थी बहुधा कोणाला दोष देतो?

३. दूरशिक्षणाची परंपरा काय सांगते?

दूर राहून शिकण्याची पद्धत आंतरजालापेक्षा फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये स्वस्त टपालसेवा सुरू झाली. तिचा उपयोग करून आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे धडे टपालाने पाठवण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी उत्तरे पाठवत आणि ती तपासून त्यांना परत मिळत. १९४३ मध्ये बीबीसीने नभोवाणीवरून इंग्रजीचे धडे सुरू केले. भारतात १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा अभ्यासक्रम आरंभिला. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकल्पातून मुक्त विद्यालयाची कल्पना साकार झाली. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले आणि २००२ मध्ये त्यास ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान’ हे नाव मिळाले. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावरून ऑनलाइन अभ्यासक्रम खुले झाले.

या परंपरेतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. टपालाचा धडा आठवड्याने येई, तरी तपासलेली उत्तरपत्रिका हाती पडली, की विद्यार्थ्याला आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे याची खात्री पटे. नभोवाणीचा आवाज तत्काळ कानी पडे, पण तो श्रोत्याचे ऐकू शकत नसे. तेव्हा साधनाचा वेग आणि शिकणाऱ्याचे समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या माहितीनुसार त्या काळात जगातील जवळजवळ १५० कोटी विद्यार्थ्यांवर या बंदचा परिणाम झाला. रातोरात वर्ग पडद्यावर आले. मुळात आपल्याकडे साधनांची वाटणी विषम होती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात आंतरजालाची सोय असलेली कुटुंबे देशात सुमारे २४ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्केच आढळली होती. साथीच्या काळात अनेकांचे मत ऑनलाइन शिक्षणाविषयी वाईट झाले. परंतु शिक्षणतज्ज्ञांनी तेव्हाच निदर्शनास आणले होते, की संकटात घाईने केलेली सोय आणि विचारपूर्वक आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम यांना एकाच मापाने मोजू नये. पुराच्या वेळी होडीतून नदी ओलांडावी लागली, म्हणून जलप्रवासच वाईट, असे कोणी म्हणत नाही.

४. समाधानाची उगमस्थाने

‘समाधान’ हा शब्द येथे नीट पाहण्यासारखा आहे. ‘सम्’ आणि ‘आ’ हे उपसर्ग ‘धा’ म्हणजे ‘ठेवणे’ या धातूला लागून तो तयार झाला. एकत्र आणून नीट ठेवणे, हा त्याचा मूळ भाव. मराठीत त्याचा एक अर्थ तृप्ती असा आहे, तर दुसरा शंकेचे निरसन असा. ‘शंकासमाधान’ या सामासिक शब्दात हा दुसरा अर्थ स्पष्ट दिसतो. भाषा शिकणाऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. शंका फिटली, की मन तृप्त होते. शंका साचत गेल्या, की मन अभ्यासातून उठते.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्याच्या संवादाचे तीन प्रकार सांगितले : पाठ्यविषयाशी संवाद, शिक्षकाशी संवाद आणि सहविद्यार्थ्यांशी संवाद. त्यांच्या मते दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांत मोजायचे नसते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या समजुतीत जी दरी राहते, ते खरे अंतर होय. हे तीन प्रकार इंग्रजीच्या वर्गाला लावून पाहू.

पहिला, पाठ्यविषयाशी संवाद. ध्वनिमुद्रित धडा दहा वेळा ऐकता येतो, थांबवता येतो. कोणी हसत नाही. ही ऑनलाइन पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. प्रत्यक्ष वर्गात ‘पुन्हा सांगा’ असे म्हणण्याचा संकोच वाटणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला ती विशेष दिलासा देते.

दुसरा, शिक्षकाशी संवाद. मराठी भाषकाच्या इंग्रजीत काही चुका वारंवार का होतात, याला कारणे आहेत. ‘मुलगा पुस्तक वाचतो’ या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्माच्या आधी येते. नामापूर्वी येणारी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही इंग्रजीतील उपपदे मराठीत नाहीत. त्यामुळे ती गळतात किंवा नको तेथे येतात. ‘व्हेरी’ आणि ‘वेल’ या शब्दांच्या आरंभीचे ध्वनी इंग्रजीत भिन्न आहेत. पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यासाठी दोन्ही ओठ गोल होतात. यंत्र उत्तरापुढे फुली मारते. ‘तुझ्या भाषेत ही सोय नाही, म्हणून येथे तुझी चूक झाली,’ हे सांगणारा शिक्षक भेटला, तर तीच फुली धडा बनते. चुकीचे कारण कळले, की विद्यार्थी स्वतःला अडाणी समजत नाही. आपली मातृभाषा अडसर नसून समजून घेण्याची वाट आहे, हेही त्याला उमगते.

तिसरा, सहविद्यार्थ्यांशी संवाद. एक साधा हिशेब करू. वर्गात ४० विद्यार्थी आहेत, तास ६० मिनिटांचा आहे आणि शिक्षक ३० मिनिटे बोलतात. उरलेली ३० मिनिटे सर्वांत सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. त्याऐवजी १५ मिनिटांसाठी चार-चार जणांचे गट केले, तर प्रत्येकाला पावणेचार मिनिटे बोलायला मिळतात. बोलल्यावाचून बोलता येत नाही. त्यामुळे ज्या वर्गात केवळ ऐकायचे असते, तेथे दुधाची तहान ताकावर भागवावी लागते.

या तिन्हींच्या मुळाशी भीती असते. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकी भाषा शिकतानाच्या भयाचा स्वतंत्र विचार मांडला. हुशार आणि अनुभवी माणूसही नव्या भाषेत बोलताना लहान मुलासारखा अडखळतो. आपली प्रतिमा डागाळेल, असे त्याला वाटते. कॅमेऱ्यापुढे ही भीती कधी वाढते, तर कधी लिहून उत्तर देण्याची मुभा मिळाल्याने कमीही होते. चांगला शिक्षक आधी लिहायला, मग ध्वनिमुद्रण पाठवायला आणि शेवटी सर्वांसमोर बोलायला सांगतो.

पाठगत प्रश्न २
(अ) ‘शंकासमाधान’ या शब्दातील ‘समाधान’चा अर्थ सांगा.
(आ) मूर यांनी सांगितलेले संवादाचे तीन प्रकार लिहा.
(इ) गट केल्याने कोणता लाभ होतो?

५. अपेक्षा आणि तास

समाधान हे मिळालेल्या गोष्टीवर जसे अवलंबून असते, तसे अपेक्षेवरही असते. ‘तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी’ अशी जाहिरात वाचून जो वर्गात येतो, त्याला एकतिसाव्या दिवशी फसल्यासारखे वाटणारच. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण अशाच उतावीळपणाला उद्देशून आहे.

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषिक क्षमतेच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार त्यांतील दुसऱ्या पायरीपर्यंत, म्हणजे रोजच्या गरजेचे साधे व्यवहार इंग्रजीत करता येण्यापर्यंत, पोहोचण्यास मार्गदर्शनासह सुमारे १८० ते २०० तास लागतात. तिसऱ्या पायरीसाठी आरंभापासून सुमारे ३५० ते ४०० तास धरले जातात. रोज एक तास याप्रमाणे तीस दिवसांत होतात केवळ तीस तास. मात्र रोज अर्धा तास अभ्यास केला, तर वर्षाकाठी १८० हून अधिक तास भरतात. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे. हा हिशेब ज्याला पहिल्या दिवशी कळतो, तो तिसऱ्या आठवड्यात निराश होत नाही.

६. समाधानाचे मोजमाप

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक प्रश्नावली भरून घेतली जाते. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पर्याय असतात. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवर ही पद्धत आधारलेली आहे. ती उपयुक्त आहे. पण तिच्या आकड्यांचा अर्थ लावताना दोन सावधगिरी बाळगाव्या लागतात.

पहिली म्हणजे, उत्तर कोणी दिले, हे पाहावे. समजा, १०० जणांनी प्रवेश घेतला, २० जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यांपैकी १६ जणांनी समाधान व्यक्त केले. ‘आमचे ८० टक्के विद्यार्थी समाधानी’ असे जाहिरातीत छापता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. परंतु प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी समाधान नोंदवले ते सोळांनीच. जे ८० जण मध्येच निघून गेले, त्यांना कोणी विचारलेच नाही. सुरतेच्या त्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे उत्तर अशा प्रश्नावलीत कधीच येत नाही. खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत गळती फार मोठी असते. त्यामुळे ही सावधगिरी तेथे अधिकच आवश्यक आहे.

दुसरी म्हणजे, समाधान वाटणे आणि शिकणे यांत अंतर असू शकते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी उत्तम व्याख्यान ऐकले. काहींनी तोच विषय स्वतः प्रश्न सोडवत शिकला. चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळाले. मात्र आपण कमी शिकलो, असे त्यांनाच वाटत होते. धडपडीत शिकणे घडते, पण ते सुखाचे वाटत नाही. विषय भौतिकशास्त्राचा असला, तरी भाषेच्या विद्यार्थ्याने यातून बोध घ्यावा. ओघवते भाषण ऐकून ‘सगळे समजले’ असे वाटते. स्वतः एक वाक्य रचायला घेतले, की घाम फुटतो. तो घाम अपयशाची खूण नसून अभ्यासाची खूण आहे.

याचा अर्थ विद्यार्थ्याने प्रत्येक त्रास मुकाट्याने सोसावा, असा नाही. स्वतः वाक्य रचताना होणारा त्रास उपयोगाचा असतो. आवाज तुटणे, सूचना न कळणे, चुकीचे कारण न सांगितले जाणे, शंकेला उत्तरच न मिळणे हा त्रास मात्र निरुपयोगी असतो. तो दूर करणे वर्ग चालवणाऱ्यांचे कर्तव्य आहे. पहिल्या त्रासात टिकून राहावे, दुसऱ्याविषयी तक्रार करावी. हा विवेक ज्याला साधला, तो विद्यार्थी स्वतःवर अन्याय करत नाही.

सुरतेच्या त्या स्त्रीकडे पुन्हा पाहू. तिच्या बुद्धीत उणे काहीच नव्हते. तिच्या लाल फुल्यांमागील कारण कोणी तिला सांगितले नाही, सोबतीला कोणी बोलणारे नव्हते आणि किती तास लागतील याचा अंदाज तिला कोणी दिला नव्हता. नव्या वर्गात नाव घालण्यापूर्वी तिने चार प्रश्न विचारले, तर चित्र बदलू शकते : माझ्या चुकीचे कारण कोण सांगेल? आठवड्यात मला किती मिनिटे बोलायला मिळेल? धडा चुकला, तर तो पुन्हा पाहता येईल का? मध्येच सोडून गेलेल्यांची संख्या किती? या प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळतील, तेथे शंकेचे समाधान होईल. आणि जेथे शंकेचे समाधान होते, तेथेच मनाचेही होते.

तुम्ही काय शिकलात?

• ज्यांना वर्गाबाहेर इंग्रजी ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ती भारतातही परकीच भाषा असते.
• साधन नवे असण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या उत्तराकडे लक्ष दिले जाणे महत्त्वाचे असते.
• पाठ्यविषय, शिक्षक आणि सहविद्यार्थी यांच्याशी होणारा संवाद समाधानाचा पाया घालतो.
• वास्तव अपेक्षा ठेवल्यास निराशा टळते.
• टक्केवारी वाचताना कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, हे पाहावे.
• शिकताना होणारा सर्वच त्रास वाईट नसतो.

शब्दार्थ

नभोवाणी : रेडिओ
निरसन : दूर करणे, फेडणे
उपपद : नामापूर्वी येणारा विशिष्ट शब्द
अस्खलित : न अडखळता
गळती : मध्येच सोडून जाण्याचे प्रमाण
विवेक : योग्य-अयोग्य ओळखण्याची शक्ती

स्वाध्याय

१. ‘साधनाचा वेग आणि शिकणाऱ्याचे समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. उपयोगाचा त्रास आणि निरुपयोगी त्रास यांतील फरक तुमच्या स्वतःच्या अभ्यासातील एकेक उदाहरण देऊन लिहा.
३. एका वर्गात २०० जणांनी प्रवेश घेतला. ५० जणांनी तो पूर्ण केला व त्यांपैकी ४५ जणांनी समाधान व्यक्त केले. जाहिरातीत कोणती टक्केवारी छापली जाईल? एकूण प्रवेशितांच्या तुलनेत ती किती?
४. पुढील म्हणी व वाक्प्रचार यांचा वाक्यात उपयोग करा : पी हळद अन् हो गोरी, थेंबे थेंबे तळे साचे, दुधाची तहान ताकावर भागवणे.
५. ‘समाधान’ या शब्दाचे दोन्ही अर्थ स्पष्ट होतील अशी दोन वाक्ये लिहा.
६. तुमच्या अभ्यासकेंद्राच्या समन्वयकांना पत्र लिहून अभ्यासात येणारी एक अडचण आणि तिच्यावरील उपाय कळवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बाह्य वर्तुळात. (आ) स्वतःला.
२. (अ) शंकेचे निरसन. (आ) पाठ्यविषयाशी, शिक्षकाशी आणि सहविद्यार्थ्यांशी संवाद. (इ) प्रत्येकाला बोलण्यासाठी अधिक वेळ मिळतो.